गाण्याआधीची शांतता

"रिकामं आहे म्हणून पुसून टाकतात! शेवटपर्यंत ऐकायला काय होतं यांना? दोन मिनिटं थांबलं तर कुणाची बस चुकते?"

चावुला आजोबा कुणावर चिडले होते, कुणालाच कळेना. एकवेंडेनी गावातल्या चर्चच्या पायऱ्यांवर पोरं गाण्याचा सराव संपवून बसली होती. वीज गेलेली. एका पोरीनं मोबाइलवरची भक्तिगीतं भराभर पुढे सरकवली, एवढंच निमित्त.

"आजोबा, चिडताय काय! भुताची सांगा ना."

"तीच सांगतोय. खुम्बो न्यिरेंडाची. आमच्या शेजारच्या वस्तीतला. गेल्या वर्षीचा जून, आपला ऐन थंडीचा महिना, तिसरा शनिवार. चंद्र नव्हता."

खुम्बो म्झुझू शहरात शाळेत शिकवायचा, शनिवार-रविवार घरी यायचा. बाप वारला होता. आई अंथरुणाला खिळलेली, तिचं चर्चला जाणं सुटलेलं. उशाशी एक छोटा रेडिओ, त्यात मेमरी कार्ड. तेच तिचं चर्च. आता फार दिवस नाहीत, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही.

त्या दुपारी ती म्हणाली, "बाळा, थोडी नवी गाणी भरून आण. संध्याकाळची, संथ. डोकं उठवणारं काही नको. देवाशी बोलायला ढोल कशाला?"

"ढोल नाहीत. ओरडणारा पाद्री नाही. अजून?"

"जुनं काही हलवू नकोस. झोपताना मला त्यातलं एकच लागतं."

"हो गं आई, हो," म्हणत तो रेडिओ कोटाच्या खिशात टाकून निघालासुद्धा. कुठलं एक, हे त्यानं विचारलं नाही.

इथल्या बाजारात कार्डात गाणी भरून द्यायची लास्टनची टपरी होती. खुम्बोनं मन लावून गाणी निवडली. एकात बासरी जास्त झाली, नको. एक बाई फार रडत गात होती, तेही नको.

"मास्तर, लग्नाला मुलगी बघताय का?" लास्टन हसला. "लोक येतात, नाचायला होईल असं द्या म्हणतात. तुम्ही पहिलेच झोप येईल असं मागताय."

"आईसाठी आहे."

लास्टननं रेडिओतलं कार्ड काढून संगणकात घातलं. मग म्हणाला, "कार्ड भरलंय. काहीतरी काढावं लागेल. हे बघा, याला नाव नाही, नुसता आकडा. पण केवढं मोठं!"

लावून पाहिलं. रातकिडे. काहीतरी जमिनीवरून ओढल्याचा आवाज. खोकला. मग काहीच नाही.

"चुकून चालू राहिलं असेल," लास्टन म्हणाला. "लवकर सांगा, वीज जायची वेळ झाली."

"रिकामंच आहे. काढ."

नवी गाणी चढली, आणि वीज गेली.

खुम्बो चालत निघाला. अंधार पडलेला, थंडी बोचरी. दोन्ही बाजूंना मक्याचे वाळलेले खुंट. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पाइनची झाडं मागे पडली, तेव्हा खिशातून आवाज आला.

रातकिडे.

शिवारात चिकार रातकिडे असतात, पण हे खिशात होते. त्यानं रेडिओ काढला. बटण बंद. त्यानं कार्ड उपसून हातात घेतलं.

ओढल्याचा आवाज.

खोकला.

तेव्हा त्याला कळलं. खोकला बापाचा होता. ओढलं ते तिपायी स्टूल. रोज संध्याकाळी बाप ते आईजवळ ओढायचा, घसा साफ करायचा आणि गाण्याआधी गप्प बसायचा. इतका वेळ, की पोरं एकमेकांना चिमटे काढायची. लहानगा खुम्बो कुरकुरायचा, "बाबा, सुरू करा ना!"

"घाई नको. आधी देवाला आत तर येऊ दे."

आईनं बापाचं ते गाणं कुणाच्या तरी मोबाइलवर टिपून कार्डात ठेवलं होतं. झोपताना तेच लागायचं तिला.

आणि आपण...

तो रस्त्यातच उभा राहिला. रेडिओ कानाशी धरला. "बाबा," तो म्हणाला, "मी थांबतो. हे बघा, थांबलोय."

शांतता...

तो थांबला. बोटं बधिर झाली.

शांतता...

गाणं आलं नाही. हळूहळू रातकिडेही विझले. हातात नुसतं थंड प्लास्टिक. मग तो पळत सुटला.

घरात कंदील मिणमिणत होता. आई कुशीवर होती. चेहरा शांत. हात खाटेबाहेर आलेला... स्टुलावर टेकलेला.

बाप गेल्यापासून ते स्टूल कोपऱ्यात, मक्याच्या पोत्यांमागे पडून होतं. आईला उठता येत नव्हतं. सकाळीच सारवलेल्या जमिनीवर कोपऱ्यापासून खाटेपर्यंत एक ओरखडा उठला होता. ताजा.

त्यानं तिचा हात धरला. गार...

मागच्या स्वयंपाकाच्या झोपडीतून शेजारच्या न्यागोंडवे काकू पेजेचं भांडं घेऊन आल्या. दारातच थबकल्या आणि आवाज खाली आणत म्हणाल्या,

"झोपली का रे? चुलीपाशी ऐकत होते मी. गळा अगदी बापाचा घेतलायस. पण स्टूल ओढलंस, खोकलास, आणि मग किती वेळ गप्प! मला वाटलं, आता गातच नाहीस."