कोरे प्लग

वस्तादाने खिशातून रुमाल काढून टेबलावर उलगडला आणि त्यातले सहा स्पार्क प्लग एका ओळीत उभे केले.

"हे सहाही माझ्या दुकानातून गेलेत," तो म्हणाला, "आणि यातला एकही माझा नाही."

वहिनींनी भिंग उचललं. विमा कंपनीसाठी वीस वर्षं अपघातातल्या गाड्या तपासून आता त्या खासगी तपासाची कामं घेत. शेजारी त्यांचे दीर बसले होते. सगळे त्यांना भाऊजीच म्हणत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून वहिनींना मोटारसायकलवरून हवं तिथे नेणं आणि मधूनमधून चुकीचा अंदाज सांगणं, ही दोन्ही कामं ते मनापासून करत.

मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या या वस्तादाची ओळख भाऊजींना नवी नव्हती. प्लगच्या तोंडावर जी वाकडी पट्टी असते, ती तो बारीक करवतीने अर्धी कापायचा आणि कानशीने घासायचा. ठिणगी मोकळी पडते, इंजिन खुलतं, असं त्याचं म्हणणं. लांबलांबून लोक त्याच्याकडे यायचे. वर्षापूर्वी भाऊजींनीही असा प्लग बसवून घेतला होता. आधी तिसऱ्या गिअरमध्ये रडणारी गाडी आता चौथ्यात चढ चढते, हे त्यांनी भेटेल त्याला सांगितलं होतं.

टेबलावरच्या सहाही प्लगांच्या पट्ट्या मात्र अखंड होत्या. एका गिऱ्हाइकाने दुसरीकडे गाडी उघडली, तेव्हा हे कळलं. त्याने भर दुकानात वस्तादाला लबाड म्हटलं. वस्तादाने आणखी पाच जणांचे प्लग काढून पाहिले, तर तेही कोरे. प्लग बसवण्याचं काम त्याच्या फिटरचं. वस्तादाने चारचौघांत फिटरच्या थोबाडीत दिली आणि त्याला घालवून दिलं. चौदा वर्षं त्याच्याकडे काम केलेला माणूस होता.

"तो काय म्हणाला?" वहिनींनी विचारलं.

"मी बदलले नाहीत, एवढंच. पाना जागेवर ठेवला आणि गेला."

भाऊजींना राहवलं नाही. फिटरने घाईघाईने एक प्लग खिशात घातलेला आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, असं त्यांनी सांगितलं. वस्तादाचा चेहरा आणखी कठोर झाला. भाऊजींना वाटलं, चला, अर्धं काम आपणच केलं.

त्याच दिवशी वस्तादाच्या दुकानात शिरताना भाऊजींचा अंगठा दाराशी पडलेल्या कापडी उशीवर आपटला आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ठेवलेली ती उशी दगडासारखी होती. "वाळू आहे," गल्ल्यावरून अक्का म्हणाल्या आणि पाणी घेऊन आल्या. अक्का म्हणजे वस्तादाची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा वस्तादाला त्यांनीच वाढवलं होतं. वडील त्याला उभ्या जन्मात 'बिनकामाचा' यापलीकडे काही म्हणाले नाहीत, हेही त्यांनी बोलता बोलता सांगितलं.

कामाची पद्धत त्यांनी नीट समजावली. वस्ताद घासलेले प्लग ताटलीत आणून द्यायचा. अक्का एकेक डबीत घालून वर कागदी सील चिकटवायच्या. ते सील गिऱ्हाइकाने स्वतः फोडायचं, मगच फिटरने प्लग बसवायचा. भाऊजींनाही आपण सील फोडल्याचं आठवलं. कोरे प्लग कोण मागवतं, असं वहिनींनी विचारलं. तेही अक्काच मागवायच्या.

भिंतीवर खूश गिऱ्हाइकांचे फोटो रांगेने लावले होते. एका ठिकाणी नुसता खिळा होता आणि त्याखाली रंग न उडालेला चौकोन.

"काच फुटली त्याची," अक्का म्हणाल्या. "दोनेक वर्षं झाली असतील."

शेजारच्या लेथवाल्याचीही त्याच सुमाराला वस्तादाशी भागीदारी तुटली होती. त्याने आडपडदा ठेवला नाही. पट्टी कापताना करवतीचा हिसका मुळाशी बसतो आणि तिथे केसाएवढा तडा जातो, असं तो वस्तादाला सांगून थकला होता. वस्ताद म्हणाला, तुला माझं नाव झालेलं बघवत नाही. त्यानंतर लेथवाल्याने त्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं.

फिटर घरीच होता. त्याच्या बायकोने खुर्च्या पुढे केल्या, पण भाऊजींकडे पाहिलंही नाही. भाऊजींनी खिशातल्या प्लगची गोष्ट वाटेत दोन ठिकाणी सांगितली होती आणि ती त्यांच्याआधी इथे पोचली होती. फिटरने कुणावर संशय घेतला नाही की तक्रार केली नाही. कोणते प्लग कोरे निघाले, हेसुद्धा त्याने विचारलं नाही. फक्त उठताना तो भाऊजींना म्हणाला, "तो प्लग तुमच्याच गाडीतला जुना होता, सर. टाकून दे म्हणालात, म्हणून खिशात घातला."

भाऊजींचे कान तापले. त्यांना आठवलं. ते तसंच म्हणाले होते.

बाहेर आल्यावर वहिनींनी फिटरकडे प्लगपाना मागितला आणि भाऊजींच्याच गाडीचा प्लग काढायला लावला. पट्टी अखंड होती. वर्षभर ज्या चढाचं कौतुक सांगितलं, तो चढ भाऊजींच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्यांच्या गल्लीत शेजाऱ्याची, वस्तादाकडूनच प्लग बसवलेली एक गाडी तीन वर्षं धूळ खात पडली होती. तिचाही प्लग वहिनींनी काढून पाहिला. तो मात्र कापलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी एकट्याच कुठेतरी जाऊन आल्या. दुपारी त्यांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. फिटर दाराशीच उभा राहिला.

"तीन वर्षांपूर्वीचा प्लग कापलेला," वहिनींनी सुरुवात केली. "अलीकडचे सातही कोरे. त्यातला एक आमच्या भाऊजींचा. म्हणजे बदल मध्ये कधीतरी झाला. फिटरला प्लग मिळायचा तो बंद डबीतून आणि सील गिऱ्हाईक फोडायचं. लेथवाला इथे येतच नव्हता. मग बदल डबी बंद होण्याआधीच झाला."

वस्ताद हसला. "आधी तर प्लग अक्काच्या हातात असतात."

सगळ्यांचे डोळे गल्ल्याकडे वळले. वस्तादाचं हसू हळूहळू मावळलं.

वाळूची उशी अंगठ्याला अशी लागत नाही, म्हणत वहिनींनी भाऊजींना दाराशी ठेवलेली उशी उचलायला सांगितली. दोन्ही हात लावूनही ती जड गेली. शिवण उसवताच फरशीवर प्लग घरंगळले, शेकड्यांनी. प्रत्येकाची पट्टी अर्धी कापलेली, घासून चकचकीत केलेली.

"भिंतीवरून काढलेला फोटो टपालवाल्याचा होता, हे लेथवाल्याकडून कळलं," वहिनी म्हणाल्या. "शर्यती जिंकणारा. तड्याबद्दल लेथवाला म्हणाला ते खरं होतं. उतारावर पट्टी मुळाशी तुटली, तुकडा इंजिनात अडकला आणि चालती गाडी जाम झाली. आता तो टपालाच्या खिडकीत बसतो. कुबडी घेऊन. सकाळी त्याला भेटून आले."

अक्का खाली बघत बोलू लागल्या. टपालवाला तुटका प्लग घेऊन आला, तेव्हा वस्ताद बाहेरगावी होता. अक्कांनी त्याच्यापुढे हात जोडले. असा प्लग पुन्हा या दुकानातून जाणार नाही, या एका अटीवर तो गप्प राहिला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला आयुष्यात पहिल्यांदा कुणी शाबास म्हणत होतं," अक्का म्हणाल्या. "माझ्याच्याने ते मोडवेना. लाज माझीच आहे. तू याला मारलंस, तेव्हाही मी गल्ल्यावरून उठले नाही."

वस्ताद फिटरकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

"प्लग बसवणाऱ्याला दिसणारच ना."

"मग दोन वर्षं लोक कौतुक कशाचं करत होते?"

फिटरला उत्तर द्यायचं जिवावर आलं होतं. कार्ब्युरेटर साफ करायचो, इंजिनाच्या टॅपेटची फट जुळवायचो, चाकांत हवा भरायचो, असं तो पुटपुटला. "पूर्वीही तेच करायचो," तो पुढे म्हणाला आणि लगेच म्हणायला नको होतं असा त्याचा चेहरा झाला.

वस्ताद खाली बसला आणि एकेक प्लग गोळा करू लागला. थोड्या वेळाने तो उठून फिटरसमोर गेला. फिटरनेच मान खाली घातली, जणू मार त्याने दिला होता. भाऊजीही पुढे झाले आणि फिटरच्या बायकोची माफी मागायला कधी येऊ, असं त्यांनी विचारलं.

"संध्याकाळी या," फिटर म्हणाला. "ती घरीच असते. पण सहज ऐकून घेणार नाही."

वस्तादाला टपाल कचेरीत जायचं होतं. भाऊजींनी त्याला आपल्या गाडीवर नेलं. खिडकीपुढे सात-आठ माणसांची रांग होती. वस्ताद शेवटी उभा राहिला. मागून येणाऱ्या प्रत्येकाला तो पुढे जाऊ देत होता. असा तासभर गेला. खिडकी बंद व्हायची वेळ झाली आणि पुढे सोडायला कुणी उरलं नाही.

कुबडी शेजारी टेकवून बसलेल्या आतल्या माणसाने मान वर केली.

"या, वस्ताद," तो म्हणाला. "मघापासून बघतोय."

वस्तादाने खिडकीचा कठडा धरला. भाऊजी बाहेर जाऊन गाडीपाशी, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.