काचेपलीकडचा घास

आमच्या तपासणीत पेशंटला काम एकच असतं. नाकातून अन्ननलिकेत नळी गेली की गप पडून राहायचं आणि मी सांगेन तेव्हाच घोटभर पाणी गिळायचं. दहा घोट, प्रत्येक घोटानंतर अर्धा मिनिट विश्रांती. मधे गिळलं की मी ओरडते. डॉक्टर मला मास्तरीणबाई म्हणतात ते काही उगाच नाही.

त्या काकू साठीच्या, वजन चौतीस किलो. दोन वर्षं घास छातीत अडत होता, आणि अडला की कळ पाठीपर्यंत जायची. गोळ्या घेऊन झाल्या होत्या. अन्ननलिकेला झटके येतात असं तपासणीत दिसलं, तर डॉक्टर दुर्बिणीतून आतला स्नायू कापणार होते. नाहीतर त्या फार दिवस काढणार नव्हत्या.

नळीला जाणवणारा दाब मशीनच्या पडद्यावर रंगांत दिसतो, आणि निरोगी घोटाचा पट्टा तिरका उतरतो. काकूंचा पहिला घोट तसाच उतरला. मग काही न गिळताच पडद्यावर लाल खांब उभा राहिला. अख्खी नलिका एकदम आवळली होती. काकूंनी चादर मुठीत धरली.

"काकू, मधे गिळू नका."

त्यांनी नाही म्हणून बोट हलवलं. खरंच गिळलं नव्हतं. गिळलं असतं तर पडद्यावर गळ्यापासून सुरुवात दिसली असती. पुन्हा खांब. मशीन बिघडलं असेल म्हणून मी वायरी तपासल्या. मान वर केली, तर दाराच्या काचेतून बाकावर बसलेला त्यांचा मुलगा दिसला. तिशीतला, धडधाकट, मजेत बिस्किटं खात होता. त्याच्या गळ्याची घाटी खाली-वर झाली.

खांब.

त्यानं गिळलं की खांब, असं मी सहा वेळा मोजलं. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी त्याला जुने कागद आणायला खाली पिटाळलं, आणि येईपर्यंत काही खाऊ-पिऊ नका म्हणून बजावलं. काकूंचे पुढचे घोट एकामागून एक नीट उतरले. तो परत आला, बाकावर बसला, खिशातून पुडा काढला. पडदा लाल झाला.

नळी काढताच काकूंनी माझं मनगट धरलं.

"दोन वर्षांपूर्वी त्याच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. मग एक दिवस तो जेवला. त्या दिवसापासून माझं अडतं. राहू द्या ते तसंच."

"अहो, उपाशी मराल तुम्ही."

"मीच ना?"

रिपोर्टात मी झटके लिहिले. काचेतून काय दिसलं ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मलाच वेड्यात काढलं असतं. काकू ऑपरेशनला तयार नव्हत्या. मुलगा त्यांच्या पायाशी बसून रडला, तेव्हा त्यांनी सही केली.

ऑपरेशन झकास झालं.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे चौकशीचा फोन केला. जेवण उतरतं का, विचारलं.

"उतरतं."

दुखत नव्हतं. वजन दीड किलोनं वाढलं होतं. मला खरंच हायसं वाटलं.

मग न राहवून मुलाबद्दल विचारलं.

"समोर बसलाय," काकू म्हणाल्या. "सकाळी एक घास घेतला होता. अजून तोच चावतोय."