जातो म्हणू द्या

आम्ही वरोऱ्यात घर शोधत होतो तेव्हा मी चंद्रपूरच्या महाकालीला नवस बोलले होते. आई, छप्पर दे. त्या घरात माझ्या हातचा पहिला भात शिजेल, तो घर सोडून जाणाऱ्याच्या पानात वाढीन. सासूबाई म्हणाल्या, नारळ बोल, साडी बोल, हा कसला भाताचा नवस? पण आईने ऐकलं, मीही फेडला. त्या घरात बावीस वर्षं सुखाने झोपले.

परवा रात्री जेवणं झाल्यावर माझा भाचा खेमराज आणि त्याची बायको प्रणाली अंगणात बसले होते. लग्नाला वर्ष झालंय, आता घर पाहताहेत. खेमराजने मोबाइलवरून यादी वाचली.

"ऐक मावशी. गाडी आत लागली पाह्यजे. दोन संडास-बाथरूम, अटॅच. ट्रॉलीचं किचन. दार पूर्वेले. अन् रेंज पार बेडरूमपर्यंत."

"अन् शेजार?"

"शेजार कोन पाह्यते व आता!"

प्रणाली हसली. "यायले घरापरीस पार्किंगच आवडते, मावशी. मले वाटते हे गाडीतच झोपन."

"झोपन ना. तुह्या घोरण्यापासून तरी सुटन."

मग त्याने एका घराचा फोटो दाखवला. रविवारी पाहायला जाणार म्हणाला. फोटोत पांढरं फाटक होतं, पोर्चमध्ये करड्या फरश्या.

ते घर मला माहीत होतं. नागपूर रोडच्या मागच्या लेआऊटमधलं. म्हटलं, बसा. आधी हे ऐका. मग जायचं तर जा.

ते घर रंभाबाईचं. नवरा गेल्यावर एकटीच राहायची. मुलगा नागपूरला, तिसऱ्या मजल्यावर. त्याने घर विकायला काढलं. घेतलं विक्की आणि नीलिमाने. विक्की खाणीत कामाला, नीलिमा आमच्या भजनातली, गोड पोरगी. त्यांचीही यादी हीच होती. एवढंच, की तिला दिवस गेले होते आणि बाळ स्वतःच्या घरात यावं म्हणून ती झुरत होती. भाड्याच्या खोलीत पाळणा बांधणार नाही, म्हणायची.

ताबा द्यायच्या दिवशी मी तिथे होते. मुलगा गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. रंभाबाई दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. मग म्हणाली, "जातो बाई मी."

आमच्याकडे बायाही जातो-येतोच म्हणतात. आणि एरवी निघताना 'जातो' कोणी म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. पण घर विकून निघणाऱ्याने म्हणायचं असतं. तेवढ्या एकाच दिवशी. म्हणजे जीव चौकटीतून सुटतो. जुन्या लोकांना हे ठाऊक असतं. नीलिमाला ठाऊक नव्हतं. तिने आपलं प्रेमाने म्हातारीचा हात धरला.

"अवं आजी, असं अभद्र नाई बोलू. येतो म्हना. अन् कवाबी या, घर तुमचंच हाय."

रंभाबाई तिच्याकडे पाहतच राहिली.

"येतो म्हनू?"

"हो ना आजी."

"मंग... येतो."

मला ठाऊक होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. नव्या पोरीचा पाणउतारा कशाला, म्हणून मी गप्प बसले.

पुढे त्यांनी समोरची सपरी, म्हणजे ओसरी, पाडली, तिथे गाडीचा पोर्च केला. दाराला लॅच आलं, वर कॅमेरा आला. रंभाबाईचा दोनदा फोन आला. "येऊ काय व, दोन रोज?" एकदा रंगाचं काम चालू होतं. एकदा फरशी ओली होती. नीलिमा म्हणाली, "आत्ता नाई आजी, मंग या." पोरगी वाईट नाही हो. तिला खरंच वाटलं, मग येतील.

मागच्या वर्षीची गोष्ट. पोळ्याचा आदला दिवस. संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून लोक घरी परतले होते आणि पाऊस लागला. विक्की दुसऱ्या पाळीला गेलेला. नीलिमा घरात एकटी, सातवा महिना. सात वाजून दहा मिनिटांनी रंभाबाईच्या मुलाचा फोन आला.

"आई गेली. दुपारी."

नीलिमाने देवापाशी दिवा लावला. रडली थोडी. भात टाकला.

सात चाळीसला दाराची कडी वाजली.

ती उठली. दोन पावलं गेली. मग तिच्या ध्यानात आलं. दाराला कडी नव्हती. जुनं दार गेलं, त्याबरोबर कडीही गेली होती.

पुन्हा वाजली. हळू. जुन्या ओळखीच्या माणसासारखी.

तिने मोबाइलवर कॅमेरा पाहिला. पोर्चमध्ये दिवा चालू. गाडी नव्हती. पाऊस आडवा आत येत होता. माणूस... कोणी नाही.

"नीलिमा..."

ती हलली नाही.

"आलो व बाई."

कुकरची शिट्टी झाली. मग तीही थांबली.

"भिजून राह्यलो... उघड ना."

नीलिमाने पोटावर दोन्ही हात ठेवले. या म्हणावं, तर आत बाळ. आणि जा... जा म्हणायला तोंडच उघडेना. कोणाला कधी म्हटलंच नव्हतं. लहानपणापासून एकच शिकलेली. जा नाही म्हणायचं.

"तुवाच म्हनलं होतं. कवाबी या."

बाहेर फक्त पाऊस.

मग अगदी दाराच्या खाली, जमिनीलगत, आवाज आला.

"बरं... बसतो इथीच."

रात्री विक्की आला तेव्हा ती देवापाशी बसलेली होती. कुकर तसाच. ती काही सांगायच्या आधी त्यानेच विचारलं, "पोर्चमंधी कोन झोपलं होतं?"

सगळा पोर्च पाण्याने चिंब. दारालगत तेवढी एक जागा कोरडी. कुशीवर निजलेल्या माणसाएवढी. गुडघे पोटाशी. एक हात उशाला.

सकाळी विक्कीने बादली ओतली. पाणी त्या जागेला वळसा घालून गेलं. मिस्त्री आला, पट्टी लावून पाहिली. ना चढ, ना उतार. मीही गेले होते. एक तांब्या ओतला... आणि परत आले.

नीलिमा तिसऱ्या दिवशी माहेरी गेली, सावली गावाला. मुलगी झाली. पाळणा तिथेच बांधला. पुढे दोघं पुन्हा भाड्याच्या खोलीत, घर विकायला काढलेलं. मुलीने ते घर पाहिलंच नाही. आणि म्हातारीला, जिने चाळीस वर्षं ते घर सारवलं, तिला मेल्यावरही कोणी आत घेतलं नाही. ना पोटच्याने, ना आम्ही.

खेमराज हसला नाही. प्रणालीने मोबाइल पालथा ठेवला.

"मंग... नाई घेवाव का मावशी हे घर?" तिने विचारलं.

पोरांनो, घेऊ नका असं मी म्हणत नाही. हे घ्या, दुसरं घ्या. गाडी आत लावा, दोन बाथरूम करा, देव तुम्हाला देवो. फक्त यादीत खाली एक ओळ लिहा. माझ्यासारखा नवस बोला. तुमच्या हातचा पहिला भात घर सोडणाऱ्याच्या पानात. तो माणूस नसेल, तर दाराबाहेर पान मांडा आणि मोठ्याने म्हणा, या, जेवून घ्या. आई महाकाली ऐकते, मी पाहिलंय.

आणि जेवून उठल्यावर ते 'जातो' म्हणाले, तर त्यांना म्हणू द्या.