घड्याळाचा हात

ऑफिसात त्याला सगळे आरसेवाला म्हणत. लॅपटॉपच्या झाकणात जागा कमी पडली की कारखानेवाले कॅमेरा खुशाल उलटा चिकटवून मोकळे होतात, आणि मग माणसांची डोकी खाली आणि छप्पर पायाशी दिसू लागतं. ते सरळ करणं हे आरसेवाल्याचं काम. कॅमेरा आणि संगणक यांच्या मधे बसणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम तो लिहायचा. करणारे करून जातात आणि निस्तरायला मी, अशी त्याची रोजची कुरकूर असे. काम मात्र त्याला मनापासून आवडायचं.

बाबांना झटका आला आणि डावी बाजू गेली, तेव्हापासून तो घरूनच काम करत होता. रोज सकाळी अकराला व्यायामाच्या बाई व्हिडिओवर येत. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसत, मागे भिंतीवर कॅलेंडर, डाव्या मनगटावर जुनं घड्याळ. हात झोपलाय, घड्याळ तर चालू आहे ना, असं म्हणून ते काढू देत नसत. अशात ऑफिसातून उलट्या कॅमेऱ्याचा नवा लॅपटॉप आला. एका दगडात दोन पक्षी, म्हणून आरसेवाल्याने बाईंचा तास त्याच्यावरच लावला.

पहिल्या दिवशी बाबा निळे दिसले. हा कॅमेरा प्रत्येक चित्राच्या दोन थप्प्या पाठवायचा, एकीत नुसता उजेड आणि अंधार, दुसरीत नुसते रंग. रंगांच्या थप्पीत लाल आणि निळ्याची अदलाबदल झाली होती.

"एवढं शिकवलं, आणि लेकाने बापाचंच तोंड काळंनिळं केलं," बाबा अर्ध्या ओठांनी हसत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रंग सुधारले. बाई एकदम म्हणाल्या, "अरे वा! बाबा, डावा हात उचललात की!"

"नाही हो बाई, उजवाच आहे तो. चित्राची डावी-उजवी बाजू बदललीय. माझीच चूक."

बाबांचा चेहरा पडला. आरसेवाल्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि दुपारी जेवायच्या आत त्याने ती चूक दुरुस्त केली.

तिसऱ्या दिवशी बाई पुन्हा म्हणाल्या, "आज तर डावा हात खांद्यापर्यंत गेला. तिथे उजेड कमी आहे का? हात जरा राखाडी दिसतोय."

त्याने पडद्यावर पाहिलं. मागच्या कॅलेंडरवरचे आकडे नीट वाचता येत होते, म्हणजे चित्राची डावी-उजवी बाजू बदललेली नव्हती. आणि वर गेलेल्या हातात घड्याळ होतं.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून त्याने मान वळवून सरळ बाबांकडे पाहिलं. घड्याळाचा हात मांडीवर पडला होता. उचलला होता तो उजवा. बाबा पडद्यावरून नजर काढत नव्हते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

कुठे घोडं पेंड खातंय ते बघायला त्याने एक चित्र आपल्या प्रोग्रॅमचा हात लागायच्या आधीच अडवलं आणि दोन्ही थप्प्या वेगवेगळ्या उघडल्या. उजेडाच्या थप्पीत घड्याळाचा हात वर होता, बोटन् बोट स्पष्ट. रंगांच्या थप्पीत त्या हाताचा रंग खाली मांडीवर होता. चित्र कॅमेऱ्यातूनच तसं निघत होतं. चूक आपली नाही हे कळून माणसाला हायसं वाटतं, त्याने मात्र त्या दोन्ही थप्प्या पुन्हा पुन्हा उघडून पाहिल्या.

चौथ्या दिवशी पडद्यावरच्या हाताला कोपरापर्यंत रंग चढला होता. पाचव्या दिवशी बोटांपर्यंत. त्याच दिवशी बाबांच्या उजव्या हातातून चहाचा कप पडला. आठवड्याभरात त्यांना चमचा धरवेना, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका असेल, होतं असं. बाई मात्र रोज टाळ्या वाजवत होत्या. पडद्यावरच्या बाबांत जेवढं बळ येत होतं तेवढं इथल्या बाबांतून जात होतं, आणि हे कुणाला सांगायचं हे त्याला कळत नव्हतं.

त्याने नवा लॅपटॉप बंद केला आणि तास जुन्यावर लावला. जुन्या पडद्यावर बाबा जसे होते तसेच दिसले, गळून गेलेले. बाईंच्या टाळ्या थांबल्या. बाबांनी त्या दिवसापासून व्यायाम सोडला, मग जेवणही.

"तिथे मी बरा होतोय रे," ते मोठ्या कष्टाने म्हणाले. "तेवढं तरी बघू दे. एकदाच."

आरसेवाला घाबरला होता. पण दोन दिवस उपाशी असलेल्या बापाला नाही कसं म्हणणार? लॅपटॉप ऑफिसला परत न्यायला त्याने बाराला कुरियरवाल्याला बोलावलं, आणि अकराला तो एकदाच सुरू केला.

बाईंचा चेहरा उजळला.

"बाबा! उभे राहिलात! सावकाश, सावकाश."

बाबा खुर्चीतच होते. दोन्ही हात मांडीवर. नुसते डोळे हलत होते.

आरसेवाल्याने पडद्यावरच्या बाबांकडे पाहिलं नाही. त्याने बाबांचा खांदा घट्ट धरला.

"चाला. एक. दोन. शाब्बास!"

खोलीत कुणाचंही पाऊल वाजलं नाही.

"आणि बोलताय पण किती स्वच्छ!" बाई कुणाचं तरी ऐकून हसल्या. खोलीत कुणी काही बोललं नव्हतं. मग त्या त्याच्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही तिथे काय करताय? रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून?"

त्याने झाकण मिटायला दुसरा हात पुढे केला.

"ती खुर्ची आता माळ्यावर टाका," बाई म्हणाल्या. "मी नाही, बाबाच म्हणतायत."

खुर्चीतल्या बाबांनी ते ऐकलं. त्याच्या हाताखाली त्यांचा खांदा थरथरला, आणि मग थरथरायचाही थांबला.