भवानीला धाप का लागली?

शिंपीबेटावरचे सगळे म्हणत होते, भवानी आता म्हातारी झाली. केतकी जुवाटकरला मात्र ते पटत नव्हतं.

भवानी म्हणजे तिच्या बाबांची डिझेल होडी. तिचं इंजिन होडीच्या पोटातच, लाकडी झाकणाखाली बसवलेलं होतं. होडी धक्क्याला बांधलेली असताना ते इंजिन एका झटक्यात सुरू व्हायचं आणि खणखणीत आवाज द्यायचं. पण तीच होडी खाडीत निघाली, की अर्ध्या वेगापुढे जायला तयार नसे. जागेवर धडधाकट आणि चालायला लागलं की आजारी, असं कुठे म्हातारपण असतं?

एरवी केतकीला हा प्रश्न पडलाही नसता. पण त्याच होडीत तिचे आजोबा गेले होते.

आजोबांना घरात सगळेच तात्या म्हणत. एका दुपारी जेवता जेवता त्यांच्या छातीत कळ आली. दवाखाना खाडीच्या पलीकडे. न्यायला-आणायला विजेवर आपोआप चालणाऱ्या नावा होत्या, पण वारा ठरावीक मर्यादेबाहेर गेला की त्या स्वतःच धक्क्याला थांबून राहत. त्या दिवशी वारा पिसाळलेला होता. उडती रुग्णवाहिकाही निघू शकली नाही. तेव्हा बाबांनी भवानी काढली. तात्यांचं डोकं केतकीच्या मांडीवर होतं. बाबांनी थ्रॉटल (इंजिनाला जास्त इंधन देणारा दांडा) शेवटपर्यंत ढकलला. मागून काळा धूर निघाला, होडी थरथरली, पण वेग काही वाढला नाही. पलीकडचा धक्का दिसत होता. स्ट्रेचर घेऊन उभी असलेली माणसं दिसत होती. होडी मात्र पोचत नव्हती. अखेर पोचली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, आणि थोडं आधी यायला हवं होतं, एवढंच म्हणाल्या.

तात्यांच्या दिवसांसाठी वसुधाआत्या आली. ती बाबांची थोरली बहीण, शहरातली मोठी शास्त्रज्ञ. खाडीतल्या विजेच्या नावा तिच्याच गटानं घडवल्या होत्या. तिच्याबरोबर शोधक नावाचा एक यंत्रमानव होता. तो खेकड्यासारखा बसका होता, सहा पायांवर चालायचा आणि पाण्याखालीही उतरायचा. घर पाहुण्यांनी भरलेलं असेपर्यंत आत्या काही बोलली नाही. पाहुणे गेल्यावर ती बाबांसमोर येऊन उभी राहिली.

"किती वर्षं सांगत होते, हे धूड मोडीत काढ म्हणून," ती म्हणाली. "तू ऐकलं नाहीस, विश्राम. तुझ्या हट्टापायी तात्या गेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी भंगारवाल्याला निरोप पाठवला, की भवानी घेऊन जा.

केतकी तशीच आत्याकडे गेली. होडी म्हातारी झाली म्हणजे तिचं नेमकं काय झालं, असं तिनं विचारलं. आत्यानं शोधककडे बोट दाखवलं. त्यानं इंजिनावरचं वर्ष वाचलं आणि सांगितलं, की वय जास्त आहे, इंजिन बदलावं. केतकी म्हणाली, वय मलाही ठाऊक आहे, मी बिघाड विचारतेय. आत्यानं साडीचा पदर खोचला आणि ती धक्क्याकडे निघाली.

आधी तिनं इंजिन न्यूट्रलमध्ये (पाण्यातल्या पंख्याशी जोड तोडून) चालवलं. ते छान फिरलं, धूरही जवळजवळ आला नाही. मग होडी दोरांनी घट्ट बांधून तिनं पंखा जोडला. इंजिनाचा आवाज लगेच दबला आणि मागून काळा धूर आला.

आत्या केतकीला म्हणाली, की आता आपण एका वेळी एकच शंका घ्यायची आणि ती मिटल्याशिवाय पुढे जायचं नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली (इंजिनाच्या पोकळ नळकांड्यातली) हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की पेट घेतं. सिलिंडर झिजलेला असता, तर हवा नीट दाबली गेली नसती आणि थंड इंजिन सुरू व्हायला खळखळ केली असती. हे तर पहिल्या झटक्यात सुरू होत होतं.

मग डिझेल कमी पडत असेल का, असं केतकीनं विचारलं. आत्यानं तिला धुराकडे बघायला सांगितलं. काळा धूर म्हणजे न जळलेली काजळी. डिझेल कमी पडलं असतं, तर काजळी आलीच नसती. डिझेल पोचत होतं, पण ते पुरतं जाळायला हवा पुरत नव्हती.

तरी एक शंका उरली होती. बैलाला फार ओझं लादलं की तोही धापा टाकतो. होडीच्या बुडाला कालवं चिकटली असतील, किंवा पंख्यात जाळं अडकलं असेल, तरी इंजिनावर असाच भार येतो. शोधक पाण्यात उतरला. त्यानं खालून चित्रं पाठवली. बूड स्वच्छ होतं, पंखा मोकळा होता. बाबांनी पावसाळा सरताच बूड खरवडून रंगवलं होतं. आत्यानं ती चित्रं दोनदा पाहिली. नंतर तिनं हवेची गाळणी काढून इंजिन चालवून पाहिलं. काहीच फरक पडला नाही.

"म्हणजे हवा आत येण्याची वाट मोकळी आहे, आणि तरी हवा पुरत नाही," केतकी म्हणाली. "असं कसं होईल?"

आत्यानं धक्क्यावरच्या पपईचं एक पान तोडलं आणि त्याचा पोकळ देठ केतकीच्या हातात दिला. श्वास नाकानं हवा तेवढा घ्यायचा, पण सोडायचा फक्त या देठातून. केतकी बसून होती तोवर तिला काही वाटलं नाही. मग आत्यानं तिला धक्क्याच्या पायऱ्या पळत चढायला लावल्या. अर्ध्यात पोचायच्या आतच केतकी देठ फेकून धापा टाकत खाली बसली. नाक मोकळं होतं, पण आधीचा श्वास बाहेर गेलाच नव्हता. मग नवा मावणार कुठे?

तिला एकदम समजलं. इंजिनही श्वास घेतं आणि सोडतं. न्यूट्रलमध्ये काम थोडं, म्हणून धूरही थोडा, तो अरुंद वाटेनंही निघून जातो. काम वाढलं की धूर वाढतो. वाट तुंबलेली असेल तर प्रतिदाब (बाहेर जाणाऱ्या वायूला मागे रेटणारा दाब) वाढतो. जळका वायू आतच रेंगाळतो, ताज्या हवेला जागा उरत नाही, आणि डिझेलची अर्धवट जळून काजळी होते.

शोधकनं धुराच्या नळीला दाबमापक लावला. इंजिनावर भार टाकताच काटा नको इतका वर गेला. इंजिनाच्या मागे धुराच्या नळीला जिथे वळण होतं, तिथे एल्बो (नळीचा वाकडा जोड) बसवलेला होता. गरम धूर थंड करायला त्यात खाडीचं पाणी सोडलेलं असतं. खारं पाणी आणि काजळी तिथेच एकत्र येतात. आत्यानं तो जोड काढायला घेतला, पण गंजलेले बोल्ट तिला हलेनात. तेव्हा इतका वेळ लांब बसलेले बाबा उठून आले आणि त्यांनी पाना हातात घेतला.

जोड निघाला. आत मीठ आणि काजळीचा दगडासारखा थर होता. मधे केतकीची करंगळी जेमतेम जाईल, एवढंच भोक राहिलं होतं.

बाबांनी तो जोड उचलून आत्यासमोर धरला.

"मी तुला धूर दाखवला होता, ताई," ते म्हणाले. "फोनवर. तू म्हणालीस, डिझेल आहे, धूर येणारच, विकून टाक."

आत्यानं खाली पाहिलं. तिनं विचारलं, की मग दुसऱ्या कुणाला का नाही दाखवलंस? बाबा म्हणाले, वेग रोज कणाकणानं कमी होत गेला. आजच्यात आणि कालच्यात फरक कळेना. मग तोच भवानीचा वेग आहे असं वाटायला लागलं.

केतकीनं विचारायला नको होतं, पण तिला राहवलं नाही. "हे आधी साफ केलं असतं, तर तात्या वाचले असते?"

शोधक हिशेब करायला लागला. आत्यानं त्याचं बटण बंद केलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आता ते कुणालाच कळायचं नाही. वेग कशानं गेला, तेवढंच कळलं."

बाबांनी छिन्नीनं थर फोडला, जोड घासून बसवला. त्याच संध्याकाळी तिघं खाडीत निघाली. बाबांनी दांडा पुढे ढकलला आणि भवानीनं नाक उचललं. धूर नव्हता. पलीकडचा धक्का बघता बघता जवळ आला. इतक्या लवकर तो यावा हे कुणालाच सहन झालं नाही. बाबांनी इंजिन बंद केलं आणि चेहरा हातांत घेऊन ते तसेच बसून राहिले. आत्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

भंगारवाल्याला रिकामं परत जावं लागलं. आत्या जायला निघाली तेव्हा बाबांनी तिची बॅग धक्क्यापर्यंत आणली, पण ती ठेवून ते लगेच मागे वळले. जाता जाता ती केतकीला म्हणाली, की शोधकनं यापुढे आधी वय बघायचं नाही, एवढं मी नक्की बदलणार आहे. शिवाय धुराच्या नळीत बसणारा एक लहानसा संवेदक (बदल टिपणारं यंत्र) ती बनवणार होती. माणसाला न जाणवणारे रोजचे बारीक बदल तो साठवून ठेवील आणि वेळेवर ओरडेल. वाऱ्याला घाबरून थांबणाऱ्या तिच्या नावांचं काय करायचं, तेही तिला सुचायचं होतं.

पुढच्या आठवड्यात पलीकडच्या गावचा सलीम मुकादम डिझेल होडी घेऊन धक्क्याला लागला. इंजिन ओढत नाही, म्हातारं झालं, अशी तक्रार तो बाबांकडे करत होता. बाबा ऐकत होते. शेजारी जाळं दुरुस्त करत बसलेली केतकी उठली आणि होडीच्या कडेशी गेली.

"सलीमचाचा," ती म्हणाली, "न्यूट्रलमध्ये नीट चालतं का?"

बाबा पाना आणायला घरात गेले.