काचपट्टीची कड

"तुमचं घड्याळ लंगडतंय."

तिने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. प्रयोगशाळेच्या दारात एक तरुण उभा होता. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, डावा डोळा निव्वळ सोबत म्हणून पाणावलेला. भिंतीवर लंबकाचं जुनं घड्याळ होतं, त्याच्याकडे तो बघत नव्हता. मान तिरकी करून ऐकत होता.

"पेशंटनी इथे यायचं नसतं," ती म्हणाली. "थेंब घालायची खोली पुढची."

"चुकलंच. एका डोळ्याने सगळ्या पाट्या सारख्या दिसतात." तो वळला... आणि थांबला. "पण ऐका तर. टिक-टॉक, मग जरा दम. टिक-टॉक, मग पुन्हा दम. दोन ठोक्यांत सारखं अंतर हवं. याचा एक पाय आखूड आहे."

डोळ्यांच्या या रुग्णालयात तिला दोन वर्षं झाली होती आणि दोन वर्षं ते घड्याळ तिच्या डोक्यावर वाजत होतं. तिला कधी काही जाणवलं नव्हतं. आता मात्र दुसरं काही ऐकूच येईना.

"बिघडलंय?"

"छे! वाकडं टांगलंय. हात लावू?"

ती हो म्हणाली की नाही, तिचं तिलाच कळलं नाही. त्याने घड्याळाच्या खालच्या कोपऱ्याला एक बोट लावलं, डोळा मिटला आणि केसभर सरकवलं. थांबला. परत उलटं, त्याहून कमी. टिक, टॉक, टिक, टॉक... खोली एकदम शांत झाल्यासारखी वाटली.

"घड्याळजी आहात ना?"

"कशावरून?"

"बोटांना तेलाचा वास येतोय," ती बोलून गेली, आणि मग लक्षात आलं की इतका बारीक वास यायला माणसाला किती जवळ उभं राहावं लागतं. ती दोन पावलं मागे सरकली. चेहरा लाल झाला तो झालाच.

प्रयोगशाळेत तिला सगळे 'काचपट्टी' म्हणत. नमुना ठेवायची काचेची पट्टी असते ना, तशी बारीक; आणि पोटात काय आहे ते आरपार दिसणार.

"आणि तुम्ही इथे काय बघता?" त्याने विचारलं. निघायची घाई दिसत नव्हती.

"पेशंटच्या डोळ्यातून नमुना काढतात. त्यात कोण बसलंय, ते मी ओळखते."

"सकाळी माझ्या डोळ्यातूनही काढला. माझ्यात कोण बसलंय?"

तिने त्याच्या हातातला केसपेपर बघितला. तासाभरापूर्वी तिनेच सही केलेला अहवाल. "जिवाणू. गोल, जांभळे, घोळक्याने."

"फार डेंजर?"

"औषधाला ऐकतात. जिवाणू म्हणजे आदिकेंद्रकी पेशी. सगळं आयुष्य एका खोलीत. तिच्यात केंद्रक नसतं, म्हणजे पेशी कशी चालवायची त्याचा आराखडा मोकळाच पडलेला. आपल्या पेशी दृश्यकेंद्रकी. तो आराखडा केंद्रकाच्या पडद्यात नीट बंद केलेला."

"म्हणजे गजराच्या स्वस्त घड्याळात मुख्य स्प्रिंग उघडीच असते, आणि चांगल्या घड्याळात डबीत बंद. तसंच ना?"

तिने त्याच्याकडे बघितलं. चार वर्षं शिकताना, दोन वर्षं शिकाऊ मुलींना समजावताना, तिला इतकं नेमकं उदाहरण सुचलं नव्हतं.

"अगदी तसंच," ती हळूच म्हणाली.

"अरे ए!" बाहेरून खणखणीत आवाज आला. त्याची ताई. "एक डोळा बंद आहे, तर दुसरा तरी वापर की! थेंबवाल्या सिस्टर तिकडे बोंबलतायत."

तो हसला. जाताना बोटाने घड्याळाला सलाम केला... की तिला? ती बराच वेळ ठरवत बसली.

आठ दिवसांनी तो परत आला, तेव्हा हसत नव्हता. चेहरा उतरलेला, ताईने दंड धरलेला.

"फरक नाही," तो म्हणाला. "डॉक्टर पुन्हा नमुना घेणार आहेत. झोप नाही हो... कोणी डोळ्यात स्क्रू पिळतंय असं दुखतं."

इतकं दुखतं? या जिवाणूंनी इतकं दुखायला नको.

"डोळ्यात लेन्स घालता तुम्ही?"

"घालतो की. चष्म्यावर भिंग बसत नाही ना नीट. पण बोटं तेलकट, लेन्स सारखी धुरकटते. मग दिवसातून तीन-चार वेळा काढायची आणि धुवायची."

"कशाने?"

"दुकानातल्या नळाखाली. का?"

ती तडक आत गेली.

जुन्या काचपट्ट्या ठेवायच्या खोक्यातून तिने त्याची पट्टी काढली. या वेळी मधून सुरुवात केली नाही. डाव्या कडेपासून, एक ओळ वर, एक ओळ खाली, काही न सोडता. चौदाव्या ओळीत ती थांबली.

तो तिथे बसला होता. आजूबाजूचे जिवाणू मोहरीच्या दाण्यांएवढे धरले, तर हा लिंबाएवढा. दुहेरी कवच, आतलं कोनाकोनांचं. आणि मधोमध केंद्रक, त्यात एक ठळक ठिपका, जणू तोच तिच्याकडे एकटक बघत होता. नळाच्या पाण्यातून आलेला अमिबा, कवच पांघरून बसलेला.

पहिल्या दिवशी तिला तिसऱ्याच ठिकाणी जिवाणू सापडले होते. सापडले, म्हणून तिने बघणं थांबवलं. ते खोटे नव्हते, पण अमिबा जिवाणूंवरच जगतो. तिने नुसतं वाढलेलं ताट बघितलं होतं आणि पाहुण्याला ओळखलं असं समजून उठली होती.

तिने मोठ्या मॅडमना पट्टी दाखवली. मॅडमनी बराच वेळ बघितलं.

"सुधारलेला अहवाल आत्ता पाठव. औषध आजच बदलेल. पेशंटला काय ते डॉक्टर सांगतील. नमुना अवघड होता म्हणतील."

"अवघड नव्हता मॅडम. मी थांबले."

"मग?"

"मग मीच सांगते."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "काचपट्टी ती काचपट्टीच," त्या पुटपुटल्या. पण अडवलं नाही.

तो बाहेर बाकावर बसला होता. ती समोर उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगितलं. कड, चौदावी ओळ, अमिबा, आठ दिवस.

"म्हणजे आठ दिवस आम्ही भलतेच थेंब घातले?" ताई उसळली.

"हो."

"आणि डोळा?"

"डॉक्टर म्हणतात, अजून हातात आहे. पण जिवाणू आपल्याहून वेगळे असतात, त्यांना मारणारं औषध आपल्याला सहसा बाधत नाही. अमिबा केंद्रकवाला. आपल्याच घराण्यातला. त्याला मारायचं आणि डोळा राखायचा, म्हणजे... दर तासाला थेंब. कित्येक महिने."

ताईने तोंडावर पदर धरला. त्याने विचारलं, "तुम्ही सांगितलं नसतंत, तर मला कळलं असतं?"

"नाही."

"मग का सांगितलंत?"

"पुढे कधीतरी मी म्हणेन, आता डोळा स्वच्छ आहे. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्हाला ठरवता यायला हवं."

तो उठला. काही न बोलता ताईचा हात धरून निघून गेला. संपलं, तिला वाटलं. आणि काय सुरू झालं होतं म्हणून संपलं, हे स्वतःला विचारायचं धाडस तिने केलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला तो दारात.

"गेल्या वर्षी एका काकांचं घड्याळ उघडलं," त्याने नमस्कारही न करता सुरुवात केली. "तुटकी स्प्रिंग दिसली. बदलली, झाकण लावलं. आठवड्यात घड्याळ परत. एका चक्राच्या अक्षाचं टोक झिजलेलं होतं. मी बघितलंच नव्हतं. काकांना सांगितलं, हा नवीन बिघाड आहे." तो थांबला. "म्हणून काल बोलता आलं नाही मला. राग नव्हता तो... लाज होती. काल इथून गेलो तो थेट काकांकडे."

"काय म्हणाले?"

"चहा दिला. आणि दोन घड्याळं दुरुस्तीला दिली."

ती हसली, आणि डोळे पुसले. नेमकं कुठलं आधी, ते सांगता येणार नाही.

नव्या नमुन्याची बशी तिने त्याला दाखवली. जेलीवर अमिबाला खायला म्हणून जिवाणूंचा पातळ थर पसरलेला, आणि त्यात अमिबा खात खात फिरलेला. त्याच्या नागमोडी वाटा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसत होत्या. डावा डोळा लावून तो बघत राहिला.

"फिरायला बरा जातो हो! माझ्यापेक्षा जास्त हिंडलाय."

"तुम्हाला कुठे हिंडायचंय?"

"तो डोळा उघडला की सांगतो."

महिने गेले. दर तासाच्या थेंबासाठी त्याने खिशात गजराचं घड्याळ ठेवलं होतं, उघड्या स्प्रिंगचं. तपासणीच्या दिवशी ते प्रयोगशाळेच्या दारात वाजायचं आणि शिकाऊ मुली म्हणायच्या, "काचपट्टी, तुझा तास झाला." ताईसुद्धा निवळली होती. एकदा जाता जाता म्हणाली, "बाई गं, याला घरी आईचं नाव विचारलं तरी तुझंच सांगतो."

डॉक्टरांना गरज वाटली की नवा नमुना यायचा, आणि ती कडेपासून कडेपर्यंत बघायची. वाटा कमी झाल्या. मग तुरळक. पाचव्या महिन्यातल्या बशीवर तिने सात दिवस नजर ठेवली. रोज दोनदा. जिवाणूंचा थर जसाच्या तसा, कोणाचं पाऊल नाही.

आठव्या दिवशी तो आला. पट्टी नाही, नाकावर चष्मा. बुबुळावर धुक्याएवढा एक डाग राहिला होता, बस्स.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली. "कडेपर्यंत."

"मग खरंच स्वच्छ असणार." तो दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिला, घाई न करता, एकेक ओळ वाचावी तसा. तिला पदार्थविज्ञानाची शंका आली, नजरेला वजन असतं की काय?

"आता तुम्हाला इथे यायचं काही कारण उरलं नाही," ती कशीबशी म्हणाली.

"नाही, ते..." तो बोलता बोलता थांबला. मान तिरकी केली. "घड्याळ लंगडतंय."

"हो का?"

"टिक-टॉक, मग दम. चांगलंच लंगडतंय." तो भिंतीपाशी गेला. बोट लावलं, पण सरकवलं नाही. "पाच महिने सरळ होतं. गेल्या तपासणीला आलो होतो, तेव्हाही सरळ होतं. आपोआप वाकडं होत नाही हो हे."

तिने टेबलावरचा कापूस उचलला, परत ठेवला. कान गरम झाले होते.

"कोणी केलं?"

काचपट्टीच ती. लपवणार काय आणि कुठे?

"मी," ती म्हणाली. "आज सकाळी. लवकर येऊन."

"का?"

"तुम्ही परत यावंत म्हणून."

तो हसला. मग पुढे झाला, आणि घड्याळाला नाही, तिच्या हाताला एक बोट लावलं. केसभर.

"राहू दे आज वाकडंच," तो म्हणाला. "उद्या येतो दुरुस्त करायला. आणि परवा पुन्हा वाकडं कर."