स्क्रूड्रायव्हरचं दुसरं टोक

उद्यमनगरात भरदुपारी कुणी कुणाचं ऐकत नाही. शेजारी लेथ किंचाळतो, पलीकडं पत्र्यावर घण पडतो आणि जळक्या ऑइलच्या वासातच लोक भजी खातात. या गदारोळात आकाराम मिस्त्रीचा कान चालायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. "बेअरिंग गेलंय पावणं. पंप खोलू नका, फुकट मराल." देव, पुढारी, डॉक्टर, कुणालाच न जुमानणारा माणूस. मानायचा फक्त कानाला.

म्हणून स्वतःच्या डोक्यात आवाज सुरू झाला, तेव्हा तोही त्यानं इंजिनासारखाच ऐकला. सूं, सूं, सूं, आणि मधेच एक ठेच, इंजिनातला एखादा सिलिंडर ठोका चुकावा तशी. डॉक्टर आदितीबाईंनी पडद्यावर दाखवलं. डोळ्यामागच्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. आकारामची थोरली बहीण भाकरी थापता थापता "डोकं..." एवढंच म्हणून आडवी झाली होती, ती उठलीच नाही. तेच हे.

"कापून टाका की मग."

"कापायचं नाही. मांडीतून तार वर नेऊन रक्तवाहिनीत बारीक जाळीची नळी बसवायची. रक्त सरळ पुढं जातं, फुग्यात शिरत नाही. आतलं साकळतं आणि फुगा आटतो. पण रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. जाळीवर गुठळी धरली तर अर्धं अंग जाईल."

"आणि फुग्यातलं कुठं जातं?"

"कुठं जाणार? संपतं."

आकारामला ते पटलं नाही. एक सील दाबून बसवलं की तेल दुसरीकडनं गळतं, हे बघण्यातच त्याचा जन्म गेला होता. पण डोकं त्याचं, जाळी त्यांची. टेबलावर जाऊन आडवा झाला.

शुद्धीवर आला तेव्हा आवाज नव्हता.

गॅरेज तोवर राणीनं चालवलं. वर्षाराणी, त्याची एकुलती एक पोरगी. "बाई काय इंजिन खोलणार?" म्हणणाऱ्या एका बागायतदाराला तिनं त्याच्या ट्रॅक्टरसकट हाकलला होता. बाप घरी आल्यावर म्हणाली, "बरं झालं अप्पा. डोक्यात जाळी बसवली, आता डास बी शिरायचा न्हाय."

आकाराम हसला. पण त्याला करमेना. हात सारखे काहीतरी चाचपायचे.

पुन्हा गॅरेजात बसू लागला, त्यानंतरची गोष्ट. ट्रॅक्टरच्या इंजिनवर स्क्रूड्रायव्हर टेकवला. व्हॉल्व्ह नीट, पंप नीट. आणि त्या सगळ्याच्या खाली सूं, सूं, सूं, ठेच.

"बंद कर गं."

राणीनं किल्ली फिरवली, उतरली आणि बॉनेटवर हात टेकून उभी राहिली. इंजिन थांबलं. आवाज थांबला नाही.

"काय झालं, अप्पा?"

"काय न्हाय."

तिनं हात उचलून पदराला नव्हे, चिंधीला पुसला. आवाज गेला.

आकारामनं स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागं आणखी दाबली. "राणी, हात ठेव परत."

"का?"

"ठेव म्हणतोय न्हवं!"

सूं, सूं, सूं, ठेच.

"काढ."

शांत.

"येडं लागलंय काय तुम्हास्नी?" राणी म्हणाली. ती ठेच आकारामच्या डोक्यातली होती. गर्दीत माणूस आपल्या गाडीचा आवाज ओळखतो, तशी त्यानं ती ओळखली होती.

त्यानं तिला भांडून दवाखान्यात नेली, स्कॅन करायला लावला. आदितीबाई म्हणाल्या, राणीच्या डोक्यात एकही दोष नाही, अगदी स्वच्छ. त्याचा फुगाही जवळजवळ आटला होता. त्यांना कोण आनंद झाला.

"बाई, माझी जाळी काढा."

"ती आता काढता येत नाही."

"मग त्येला परत वाट कशी द्यायची?"

"कुणाला?"

तो उठून आला. शिकलेल्या माणसाला कागदावर दिसतं तेवढंच असतं! जिन्यात उभा राहून त्यानं त्यांना शिव्या घातल्या, मग स्वतःला.

दुसऱ्या दिवसापासून राणी गोळ्या हातावर ठेवायची, पाण्याचा तांब्या द्यायची. तो गोळ्या जिभेखाली धरायचा आणि ती वळली की जळक्या ऑइलच्या डब्यात थुंकायचा. जाळी बुजली तर बुजू दे. अंग गेलं तर जाऊ दे. सरळ वाट बंद झाली की राणीत शिरलेलं ते आपल्या जुन्या जागी येईल, असा त्याचा हिशेब होता.

आणि आवाज आला.

आधी बारीक, मग स्वच्छ. स्क्रूड्रायव्हर न लावता. मधूनच बंद पडायचा. जुन्या जागी नव्यानं बसतोय, म्हणून असेल, असं त्यानं धरलं. त्या दिवशी तो भरपेट जेवला. लेथवाल्याला स्वतःहून चहा पाजला.

दुपारी राणी त्याच्या शेजारी बसून नट घासत होती. आवाज इतका मोठा होता की तिलाही ऐकू जाईल असं त्याला वाटलं.

"राणी, आला बघ परत. ऐक."

"काय ऐकू?"

त्यानं स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. "हितं, माझ्या कानामागं. हळू."

कुरकुरत तिनं टोक टेकवलं, मूठ आपल्या हाडाला लावली. बापाचीच सवय, डोळे मिटले.

"कायच न्हाय, अप्पा."

"नीट ऐक की."

"ऐकतोय की मी. कायच वाजत न्हाय."

तिनं स्क्रूड्रायव्हर परत दिला. तो त्याच्या हातातून पडला. उचलायला वाकला, तर उजवा हात आलाच नाही.

"अप्पा? तोंड असं का करतायसा?"

त्याला सांगायचं होतं. जीभ वळेना.

"हलू नका. रिक्षा घेऊन आलोच मी!"

ती धावली.

सूं, सूं, सूं, ठेच. तिच्याबरोबर दारापर्यंत गेला आवाज.

मग रस्त्यापर्यंत.

मग कोपऱ्यावर, बारीक.

ती वळली, आणि आकारामच्या डोक्यात काहीच उरलं नाही.